एक नौका, तीन निशाणे



कळंब्याच्या तलावाच्या बांधावर सायंकाळी उभे राहिले की पाणी केवढे मोठे वाटते! पण आपले हे पाणी गोडे, शांत आणि चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेले. खारे पाणी पाहायचे तर आंबा घाट उतरून रत्नागिरीपर्यंत जावे लागते. त्यामुळे समुद्र, जहाजे, नाविक युद्धे हे विषय आपल्या घरांतून फारसे निघत नाहीत. मुलगा 'नौदलात जातो' म्हणाला, तर आईच्या पोटात गोळा उठतो आणि वडील म्हणतात, 'ते काम कोकणातल्या लोकांचे.' म्हणून आज मी आपणांस एका युद्धनौकेचा इतिहास सांगणार आहे. ही नौका इंग्लंडात जन्मली, न्यूझीलंडसाठी लढली आणि अखेर तीस वर्षे भारताची सेवा करून मुंबईत निवृत्त झाली. तिच्या आयुष्यात एक असा धडा आहे, की जो आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गाशी निगडित आहे. तो कोणता, हे आपल्याला ओघाने दिसेलच.

प्रथम 'हलकी क्रूझर' म्हणजे काय, ते समजून घेऊ. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या राष्ट्रांत युद्धनौका बांधण्याची चढाओढ लागली. तिला आळा घालण्यासाठी 1930 साली लंडन येथे करार झाला. त्या करारान्वये ज्या क्रूझरच्या तोफांचे तोंड 6.1 इंचांहून मोठे नाही ती हलकी आणि त्याहून मोठे असेल ती जड, असा भेद ठरला. हलकी म्हटली तरी ती काही होडी नव्हे. आपली नौका सुमारे सात हजार टनांची, साडेपाचशे फूट लांब होती. फिरत्या चार बुरुजांत दोन-दोन मिळून आठ सहा-इंची तोफा, त्याशिवाय लहान तोफा आणि पाणतीर. वेग ताशी सुमारे 32 नॉट, म्हणजे जवळजवळ साठ किलोमीटर. व्यापारी बोटींचे रक्षण करणे, शत्रूचा माग काढणे आणि वेळ पडल्यास स्वतःहून मोठ्या शत्रूशीही झुंजणे, ही हलक्या क्रूझरची कामे.

इंग्लंडमधील बर्कनहेड येथील गोदीत 1931 साली तिची बांधणी सुरू झाली, 1932 साली ती पाण्यात उतरली आणि 1933 साली आरमारात दाखल झाली. नाव ठेवले 'अकिलीस', ग्रीक पुराणकथांतील वीराचे. काही वर्षांनी ती न्यूझीलंडच्या पथकाकडे सोपविण्यात आली. त्या छोट्या देशाचे तेव्हा स्वतःचे आरमार नव्हते. ब्रिटिश आरमाराचा एक विभाग म्हणून ते पथक काम करी.

सप्टेंबर 1939 मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. हिंदुस्थानच्या लोकांना न विचारता व्हाइसरॉयने आपला देश युद्धात ओढला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहेच. त्या वेळी 'ग्राफ श्पे' नावाची एक जर्मन युद्धनौका दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात व्यापारी बोटी बुडवीत फिरत होती. तिच्यावर अकरा इंची सहा तोफा होत्या. तीन महिन्यांत तिने नऊ बोटी बुडविल्या. तिचा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ याच्याबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. या नऊ बोटींवरील एकाही माणसाचा जीव त्याने घेतला नाही. आधी माणसे उतरवून घ्यायची आणि मग बोट बुडवायची, अशी त्याची रीत होती. शत्रूच्या अंगीही गुण असतात, आणि खरा इतिहास ते लपवीत नाही.

या नऊ बोटींत 'हंट्समन' नावाची एक बोट होती. ती कलकत्त्याहून माल घेऊन निघाली होती आणि तिच्यावर हिंदी खलाशी होते. ते कैद झाले आणि पुढे 'आल्टमार्क' या जर्मन बोटीच्या तळघरात कोंडले गेले. फेब्रुवारी 1940 मध्ये नॉर्वेच्या एका खाडीत ब्रिटिशांनी त्या बोटीवर चढाई केली, तेव्हा सुमारे तीनशे कैदी सुटले. वाचकहो, या युद्धाच्या कथांत गोऱ्या कप्तानांची नावे मोठ्या अक्षरांत छापली जातात. पण भट्टीत कोळसा टाकणारे, दोर ओढणारे, तळघरात कोंडलेले कितीतरी हात आपल्या मुलखातले होते. सिल्हट, चितगाव, कच्छ, रत्नागिरी या मुलखांच्या घराघरांतून अशी माणसे गेली. त्यांची नावे कोणत्याही स्मारकावर शोधावी लागतात.

13 डिसेंबर 1939. दक्षिण अमेरिकेत प्लेट नदी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखापासून दूर भर समुद्रात पहाटे 'ग्राफ श्पे'ची गाठ तीन ब्रिटिश नौकांशी पडली. 'एक्झिटर' ही आठ इंची तोफांची जड क्रूझर, आणि 'एजॅक्स' व आपली 'अकिलीस' या दोन हलक्या. कमोडोर हेन्री हारवुड हा त्यांचा सेनापती. त्याने आपले बळ मुद्दाम विभागले. एका अंगाने 'एक्झिटर' आणि दुसऱ्या अंगाने दोन्ही हलक्या क्रूझर. कारण साधे होते. मोठा मल्ल समोर असेल तर दोघा-तिघांनी एकाच बाजूने जाऊ नये. कोल्हापूरच्या लाल मातीत वाढलेल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको! 'ग्राफ श्पे'ला आपल्या तोफा कधी इकडे तर कधी तिकडे वळवाव्या लागल्या.

लढाई सुमारे दीड तास चालली. 'एक्झिटर'ची दैना उडाली. तिच्यावरील 61 जण मृत्युमुखी पडले. 'एजॅक्स'वर सात आणि 'अकिलीस'वर चार जण ठार झाले. जर्मन बाजूचे 36 जण गेले. 'अकिलीस'वरील पाचशेहून अधिक माणसांत निम्म्यापेक्षा जास्त न्यूझीलंडची होती. लढाईला तोंड लागताच तिच्या डोलकाठीवर न्यूझीलंडचे निशाण चढविण्यात आले. त्या देशाच्या नौदलाच्या इतिहासात तो क्षण आजही अभिमानाने सांगितला जातो.

आता विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. धावत्या नौकेवरून, काही मैलांवर धावणाऱ्या दुसऱ्या नौकेवर गोळा टाकायचा म्हणजे काय? गोळ्याला तेथवर पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात शत्रू पुढे सरकतो. आपली नौकाही सरकते आणि डोलते. वारा गोळ्याला ढकलतो. अंतर, दोन्ही नौकांचा वेग व दिशा, वारा, दारूचे तापमान, या साऱ्यांचा हिशेब क्षणोक्षणी करावा लागतो. हा हिशेब नौकेच्या वरच्या भागातील एका नियंत्रण मनोऱ्यात होत असे. त्या मनोऱ्यावरच शत्रूच्या गोळ्याचे तुकडे आदळले आणि 'अकिलीस'चे सर्व मृत तेथेच पडले. तोफखान्याचा अधिकारी वॉशबोर्न हाही जखमी झाला. कप्तान पॅरी याच्या पायांना जखमा झाल्या. तरीही वाचलेल्या माणसांनी आकडे मोजणे थांबविले नाही. रक्ताळलेल्या त्या खोलीत गणित चालू राहिले, म्हणून तोफा चालू राहिल्या. 'त्रिकोणमितीचा जन्मात काय उपयोग?' असे आपल्यापैकी जे कोणी मागच्या बाकावरून विचारतात, त्यांनी ही खोली डोळ्यांसमोर आणावी.

जखमी 'ग्राफ श्पे'ने उरुग्वे देशातील माँटेव्हिडिओ बंदर गाठले. उरुग्वे तटस्थ होता. त्याने तिला 72 तासांची मुदत दिली. बाहेर ब्रिटिशांचे मोठे आरमार जमले आहे, अशी हूल उठविण्यात आली. प्रत्यक्षात 'कंबरलँड' ही एकच नवी क्रूझर येऊन मिळाली होती. लांग्सडॉर्फला ते कळले नाही. आपल्या माणसांचा व्यर्थ संहार नको म्हणून 17 डिसेंबरला त्याने आपलीच नौका सुरुंगांनी उडवून बुडविली आणि दोन-तीन दिवसांतच ब्वेनोस आयरेस येथे स्वतःवर गोळी झाडून घेतली.

'अकिलीस'चे युद्ध मात्र संपले नव्हते. 1941 साली न्यूझीलंडचे स्वतंत्र शाही नौदल झाले आणि ती त्याची नौका ठरली. जानेवारी 1943 मध्ये पॅसिफिक महासागरात, ग्वाडलकनाल बेटाच्या परिसरात, जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या मागील तोफबुरुजावर पडून तेरा जण ठार झाले. दुरुस्तीसाठी ती इंग्लंडात गेली. तो बुरूज काढून तेथे विमानविरोधी तोफा बसविल्या. म्हणून पुढे भारताकडे आली तेव्हा तिच्यावर आठऐवजी सहाच मोठ्या तोफा होत्या. 1945 साली जपानविरुद्धच्या अखेरच्या मोहिमांत तिने भाग घेतला.

याच काळात फ्रान्सच्या क्रूझरांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. जून 1940 मध्ये फ्रान्स कोसळला, तेव्हा 'एमिल बेर्तँ' ही हलकी क्रूझर देशाचे सोने पोटात घेऊन कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात गेली होती. तेथून तिला वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर पाठविले गेले आणि तेथे ती दीर्घकाळ अडकून पडली. 27 नोव्हेंबर 1942 रोजी तूलाँ बंदरात जर्मन शिरताच फ्रेंच खलाशांनी आपल्या नौका शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच बुडविल्या. 'माँकाल्म' आणि 'जॉर्ज लेग' या दोन भगिनी नौका मात्र 1944 च्या नॉर्मंडी मोहिमेत आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर, देश सोडविण्यासाठी तोफा डागीत होत्या. नौका सारख्याच, पोलाद सारखेच. पण देश परतंत्र झाला की पोलादही अनाथ होते.

आपले आरमार तर त्या वेळी परतंत्रच होते. शौर्य नव्हते असे मुळीच नाही. नोव्हेंबर 1942 मध्ये हिंदी आरमाराची 'बेंगाल' ही लहानशी सुरुंगशोधक नौका, एकाच छोट्या तोफेच्या बळावर, 'ओंडिना' या डच तेलवाहू बोटीच्या सोबतीने, दोन मोठ्या जपानी नौकांशी झुंजली. त्यांपैकी एक बुडाली आणि 'बेंगाल' बचावली. पण हुकूम देणारे बहुतेक गोरे आणि हुकूम पाळणारे हिंदी. निकृष्ट अन्न, कमी पगार आणि अपमान यांना कंटाळून 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईच्या 'तलवार' तळावर नाविकांनी बंड पुकारले. त्यांच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग. नौकांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट अशी तिन्ही निशाणे एकत्र चढली. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार होऊन दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. बंड काही दिवसांतच मिटले, पण आरमार आता आपल्या हाती राहिले नाही, हे इंग्रजांना कळून चुकले.

स्वातंत्र्य आले, फाळणी झाली, आरमाराचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला आलेल्या नौकांत एकही क्रूझर नव्हती. तेव्हा सरकारने 'अकिलीस' विकत घेतली. 5 जुलै 1948 रोजी ती 'दिल्ली' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली आणि सप्टेंबरमध्ये मुंबईस पोचली. योगायोग असा, की त्याच ऑगस्टमध्ये भारतीय नौदलाचा सरसेनापती म्हणून जे ॲडमिरल एडवर्ड पॅरी आले, ते म्हणजेच प्लेट नदीच्या लढाईतील 'अकिलीस'चे जखमी कप्तान! ज्या नौकेच्या डेकवर त्यांचे रक्त सांडले, तीच आता त्यांच्या नव्या आरमाराची प्रमुख नौका होती.

पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. देश 1947 साली स्वतंत्र झाला. मग 1948 साली नौदलाचा प्रमुख इंग्रज कसा? पॅरींच्या नंतरही दोन इंग्रज प्रमुख झाले. भूदलाला 1949 साली करिअप्पा मिळाले, हवाई दलाला 1954 साली सुब्रतो मुखर्जी. नौदलाला मात्र पहिला भारतीय प्रमुख मिळायला 22 एप्रिल 1958 उजाडावे लागले. रामदास कटारी हे त्यांचे नाव. 'दिल्ली' आपल्याकडे आली तेव्हा तेच तिच्यावर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. मुंबईच्या समुद्रात उभ्या असलेल्या 'डफरिन' या प्रशिक्षण नौकेच्या 1927 च्या अगदी पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी.

वाचकहो, तो धडा हाच. नौका एका सहीने विकत घेता येते. निशाण एका सकाळी बदलता येते. 26 जानेवारी 1950 रोजी 'दिल्ली'वरील नौदल निशाणाच्या कोपऱ्यातील इंग्रजी झेंडा जाऊन तिरंगा आला, त्याला काही क्षण पुरले. पण ती नौका चालवू शकेल, आरमार हाकू शकेल असा माणूस तयार व्हायला 1927 पासून 1958 पर्यंत एकतीस वर्षे लागली. इंग्रजांनी आपल्या मुलांना ते शिक्षण उशिरा आणि मोजके दिले, म्हणून स्वातंत्र्यानंतरही अकरा वर्षे आपल्याला वाट पाहावी लागली. जो समाज मुलांच्या शिक्षणात एक पिढी गमावतो, त्याला स्वातंत्र्याचेही फळ एक पिढी उशिरा मिळते.

'दिल्ली'ने पुढे पुष्कळ पाहिले. जून 1950 मध्ये पंडित नेहरू तिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले. 1953 साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणानिमित्त स्पिटहेड येथे भरलेल्या नाविक संचलनात ती डौलाने उभी राहिली. 1956 साली प्लेट नदीच्या लढाईवर इंग्रजी बोलपट निघाला, त्यात 'अकिलीस'ची भूमिका स्वतः 'अकिलीस'नेच, म्हणजे आपल्या 'दिल्ली'ने केली.

मग आला डिसेंबर 1961. गोवा, दमण आणि दीव मुक्त करण्याची मोहीम निघाली. 'मैसूर' ही दुसरी भारतीय हलकी क्रूझर अंजदीव बेटाकडे गेली. तेथे आपले सात नाविक हुतात्मा झाले. 'दिल्ली'ला दीवची कामगिरी मिळाली. कप्तान नीलकंठ कृष्णन यांच्या हुकुमाने तिच्या सहा-इंची तोफांनी दीवच्या किल्ल्यावर मारा केला, आणि दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरला, पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. दीवचे महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. 1509 साली याच दीवच्या पाण्यात गुजरात, कालिकत आणि मिसरच्या मामलुकांचे एकत्रित आरमार पोर्तुगीजांनी मोडले. धैर्यात आपण कमी नव्हतो. सरस जहाजबांधणी आणि सरस तोफा यांनी बाजी मारली. तेथून पश्चिम समुद्रावर परक्यांचा शिरकाव झाला. साडेचारशे वर्षांनी त्याच दीवसमोर भारतीय गोलंदाज तोफांचे गणित मांडीत होते.

उत्तरायुष्यात 'दिल्ली'ने तरुण नौसैनिकांना शिकविण्याचे काम केले. 1969 साली सदिच्छा भेटीसाठी ती न्यूझीलंडला गेली, तेव्हा तिच्या जुन्या देशाने तिचे स्वागत केले. 30 जून 1978 रोजी मुंबईत तिची सेवा संपली आणि पुढे ती मोडीत निघाली. तिचा एक तोफबुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वारापाशी तो उभा आहे. 1997 साली नौदलात नवी 'दिल्ली' दाखल झाली. ती विकत आणलेली नव्हे, तर मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली. जुन्या 'दिल्ली'चा याहून चांगला वारसा कोणता?

आता अखेरचे दोन शब्द. समुद्र आपला नाही, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मातबर अधिकारी होता. युद्ध आपल्यापासून दूर असते, असेही म्हणू नये. त्याच महायुद्धाने घर हिरावलेल्या हजारो पोलिश निर्वासितांना 1943 पासून आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला होता. आणि जहाजाचे शब्द तरी कोणाचे? जहाज, दर्या, खलाशी, नाखुदा, हे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीच्या अंगणात कायमचे राहिले. अबुल फजलने 'आइने-अकबरी'त जहाजावरील लोकांची यादी दिली आहे. तीत नाखुद्यानंतर 'मुअल्लिम' येतो. हा मुअल्लिम म्हणजे पाण्याची खोली आणि आकाशातील तारे जाणणारा, जहाजाला वाट दाखविणारा. कोकणात त्यालाच मालिम म्हणत. अरबी भाषेत मुअल्लिम म्हणजे शिक्षक!

म्हणून पालकहो, मुलगा समुद्रावर जातो म्हणाला तर त्याला लगेच अडवू नका. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे, हेही ध्यानात असू द्या. तेथे विचारतात ते गणित, विज्ञान, भूगोल आणि शरीराची तयारी. आणि विद्यार्थिमित्रहो, कळंब्याच्या बांधावर पुढच्या वेळी जाल तेव्हा पाण्याकडे पाहा, मग आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा आणि घरी येऊन त्रिकोणमितीची वही उघडा.